पगार, घर आणि व्हिसा: परदेशी शिकवायला जाणाऱ्यांसाठी नोवाची गोष्ट

मुंबईत जपानी शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांकडे पूर्वी विद्यार्थी परीक्षेचे आणि कंपन्यांच्या मुलाखतींचे प्रश्न घेऊन येत असत. आता त्यांतील काही जण जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीचे पत्र घेऊन येतात आणि विचारतात, ‘सेन्सेई, हे पत्र एकदा वाचून बघाल का?’ पत्रात पगार असतो, आठवड्याचे तास असतात, सुट्ट्या असतात आणि शेवटी कुठेतरी एक ओळ असते की राहण्याची सोय संस्थेतर्फे केली जाईल व भाडे पगारातून वळते केले जाईल. सोबत आलेल्या आई-वडिलांचा जीव त्या ओळीने भांड्यात पडतो, कारण परक्या देशात मुलगी कुठे राहणार ही त्यांची सर्वांत मोठी काळजी असते. मी मात्र नेमकी त्याच ओळीपाशी थांबते आणि ऑक्टोबर २००७ मध्ये जपानमधील हजारो परदेशी शिक्षकांचे काय झाले ते त्यांना सांगते. प्रत्येक वेळी हे तोंडी सांगताना काहीतरी सुटते, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

नोवा ही १९८१ मध्ये ओसाकात सुरू झालेली इंग्रजी संभाषण वर्गांची साखळी होती. नोझोमु साहाशी हे तिचे संस्थापक आणि जवळजवळ अखेरपर्यंत तिचे सर्वेसर्वा. परदेशी जाऊन शिकल्याचा अनुभव रेल्वे स्थानकाच्या दारातच मिळेल, अशी तिची जाहिरात होती. दादर किंवा ठाणे स्थानकाबाहेर पाटी लागलेल्या क्लासला किती सहज विद्यार्थी मिळतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कल्पनेची ताकद वेगळी सांगावी लागणार नाही. जपानी दूरचित्रवाणीवर तिच्या जाहिरातींतला गुलाबी ससा घराघरांत पोहोचला होता. भरभराटीच्या काळात नऊशेच्या आसपास शाखा, चार लाखांच्या घरात विद्यार्थी आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांतून आलेले हजारो शिक्षक एवढा तिचा पसारा होता. पदवी नुकतीच हाती आलेली, जपानी भाषेचा गंध नसलेली तरुण मुले थेट विमानतळावरून कंपनीने घेतलेल्या घरात उतरत आणि थोड्याशा प्रशिक्षणानंतर शिकवू लागत. कंपनीशिवाय त्या देशात त्यांचे दुसरे कोणीही नसे.

हा डोलारा कशावर उभा होता हे शिक्षकांना बहुधा दिसत नसे, आणि म्हणूनच ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. नोवामध्ये धडे आगाऊ विकले जात. विद्यार्थी एकदम शेकडो धड्यांची तिकिटे विकत घेई. जितकी तिकिटे जास्त तितका प्रत्येक धडा स्वस्त, आणि सर्वांत मोठा संच सहाशे तिकिटांचा होता. म्हणजे पुढील दोन-तीन वर्षांत शिकवायच्या तासांचे पैसे आजच कंपनीच्या हाती येत. ते पैसे त्या तासांसाठी बाजूला ठेवले जातील अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. ते नव्या शाखांवर आणि जाहिरातींवर खर्च होत आणि चालू महिन्याचे पगार नव्याने नाव घालणाऱ्यांच्या पैशांतून दिले जात. नवे विद्यार्थी येत राहिले तोवर हे चालले. मधेच शिक्षण सोडणाऱ्याला परतावा देताना मात्र कंपनी त्याच्या घेऊन झालेल्या धड्यांची किंमत नव्याने, चढ्या दराने मोजत असे, आणि त्यामुळे परत मिळणारी रक्कम फारच कमी होई. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदेशीर ठरवली. जूनमध्ये तेथील अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने एक वर्षाहून जास्त मुदतीचे किंवा सत्तर तासांहून जास्त धड्यांचे नवे करार करण्यास कंपनीला सहा महिन्यांची बंदी घातली.

ग्राहकांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही निर्णय न्याय्य होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण नव्या मोठ्या करारांचा ओघ थांबताच पगाराचा ओघही थांबला. जपानी कर्मचाऱ्यांचे पगार त्या उन्हाळ्यातच रखडू लागले होते. सप्टेंबरमध्ये परदेशी शिक्षकांचा पगार काही दिवस उशिरा झाला, आणि १५ ऑक्टोबरला जो व्हायला हवा होता तो झालाच नाही. आज होईल, शुक्रवारी होईल, अशी आश्वासने मिळत राहिली. २५ ऑक्टोबरच्या रात्री संचालक मंडळाने साहाशी यांना पदावरून दूर केले, २६ ऑक्टोबरला कंपनीने ओसाका जिल्हा न्यायालयात पुनर्रचनेसाठी अर्ज केला आणि देशभरातील सर्व शाखा बंद झाल्या. कर्ज सुमारे ४,४०० कोटी येन होते. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांनी पुढे पत्रकारांना ओसाकातील मुख्यालयात असलेले अध्यक्षांचे दालन दाखवले; त्यात सौना होते, चहासमारंभाची खोली होती, शयनकक्ष होता. ज्यांचे भाडे थकले होते त्या शिक्षकांनी ती चित्रे दूरचित्रवाणीवर पाहिली.

पगार बुडणे ही यातील सर्वांत वाईट गोष्ट नव्हती, असे मला दर वेळी वाटते. कंपनीने शिक्षकांना दिलेली घरे कंपनीने स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेली होती. शिक्षकाच्या पगारातून दर महिन्याला भाडे कापले जाई आणि ते घरमालकाकडे पोहोचते असे तो समजून असे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कापलेले भाडे पुढे भरलेच गेले नव्हते. आपण पैसे दिले आहेत याचा पुरावा शिक्षकाच्या पगारपत्रकात होता, पण घरमालकाशी त्याचा करारच नव्हता, त्यामुळे त्या पुराव्याचा घरमालकापुढे फारसा उपयोग नव्हता. घर रिकामे करण्याच्या नोटिसा दारावर येऊ लागल्या, आणि त्या वाचण्याइतकी भाषाही बहुतेकांना येत नव्हती. दुसरे घर शोधावे तर जपानमध्ये जामीन लागतो, अनामत लागते, शिवाय घरमालकाला द्यायची आणि कधीही परत न मिळणारी एक रक्कम लागते. आणि नोकरी नसलेल्या परदेशी माणसाला हे सारे कोण देणार? पगार, घर, जामीन, भाषेची मदत हे सर्व एकाच मालकाकडून येत होते, म्हणून ते सर्व एकाच दिवशी गेले. मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गिरणी बंद झाल्यावर ज्यांची चाळीतील खोलीही गिरणीचीच होती त्यांची अवस्था या शहराने डोळ्यांनी पाहिलेली आहे.

मग त्या शिक्षकांनी काय केले? काही जण परतले. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीने त्यांच्यासाठी सवलतीचे भाडे जाहीर केले होते. परंतु परतायलाही हाती पैसे लागतात, आणि कित्येकांची तिथे घरे, जोडीदार, मुले होती. जे राहिले त्यांच्यापैकी अनेकांनी पहिला आधार शोधला तो संघटनांचा. ओसाकात जनरल युनियन आणि टोकियोत नॅशनल युनियन ऑफ जनरल वर्कर्स या संघटनांमध्ये परदेशी शिक्षक आधीपासून काम करत होते. कंपनी कोसळल्यावर या संघटनांनी बैठका घेतल्या आणि कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज घेऊन जायचा ते इंग्रजीत समजावले. अन्नाच्या बदल्यात धडे असाही एक उपक्रम सुरू झाला: विद्यार्थ्याने जेवण किंवा शिधा द्यावा आणि शिक्षकाने शिकवावे. वर्तमानपत्रांनी तो उपक्रम करुण बातमी म्हणून छापला. मला त्यात करुणेपेक्षा मोठे काहीतरी दिसते. त्या विद्यार्थ्यांचेही पैसे बुडाले होते. कायद्याच्या नजरेत विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही त्याच कंपनीचे धनको होते, आणि तरीही दोघे समोरासमोर बसून शिकत-शिकवत राहिले.

दुसरा आधार शासकीय होता, आणि त्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे. जपानमध्ये १९७६ च्या एका कायद्यानुसार दिवाळखोर झालेल्या मालकाकडे थकलेल्या पगाराचा ८० टक्के भाग सरकारी यंत्रणा कामगाराला आधी देते आणि नंतर ती रक्कम मालकाच्या मालमत्तेतून वसूल करण्याचा प्रयत्न करते. या योजनेचा पैसा मालकांनी भरलेल्या कामगार अपघात विम्याच्या वर्गणीतून येतो. वयानुसार कमाल मर्यादा आहे, मालकाचा व्यवसाय किमान एक वर्ष चाललेला असावा लागतो, अर्ज ठरावीक मुदतीत करावा लागतो. पण कामगार जपानी आहे की परदेशी, हा प्रश्न त्यात नाही. बेकारी विमाही होता. ‘हॅलो वर्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी रोजगार कार्यालयात ज्यांच्या नावे विमा भरला गेला होता त्यांना भत्ता मिळू शकत होता. इथे एक तफावत उघडी पडली. नोवा आपल्या शिक्षकांच्या कामाचे तास अशा रीतीने मोजत असे की ते पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना लागू होणाऱ्या आरोग्य व निवृत्तिवेतन विम्याच्या मर्यादेखाली राहावेत, आणि संघटनांची याबाबतची तक्रार जुनी होती. भरभराटीच्या दिवसांत कंटाळवाण्या वाटणाऱ्या त्या तक्रारीचे मोल पुढे कळले.

तिसरी गोष्ट व्हिसाची. जपानमध्ये परदेशी माणसाला दिलेला राहण्याचा दर्जा हा त्याच्या कामाच्या प्रकाराशी बांधलेला असतो, एका विशिष्ट मालकाशी नाही. कंपनी बुडाली तरी त्या दर्जाची मुदत संपेपर्यंत शिक्षक देशात राहू शकत होता आणि त्याच प्रकारचे काम दुसरीकडे शोधू शकत होता. आजही तसेच आहे, फक्त नोकरी सुटल्यापासून चौदा दिवसांत ते कळवावे लागते आणि योग्य कारणाशिवाय तीन महिने ते काम केले नाही तर दर्जा रद्द होऊ शकतो. आखातातील ज्या देशांमध्ये राहण्याचा परवाना मालकाच्या प्रायोजकत्वावर अवलंबून असतो तिथे मालक बुडाला की कामगार एका रात्रीत कागदपत्रांविना उरू शकतो. जपानमधील शिक्षक निदान त्या भीतीतून सुटले होते.

६ नोव्हेंबरला नागोयातील जी कम्युनिकेशन या कंपनीने नोवाचा व्यवसाय घेण्याचे ठरले आणि काही मोजक्या शाखांपासून वर्ग पुन्हा सुरू झाले. काही शिक्षकांना तिथे परत कामही मिळाले. मूळ कंपनीची दिवाळखोरीची कार्यवाही त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झाली. साहाशी यांना पुढील वर्षी अटक झाली. कर्मचाऱ्यांच्या कल्याणनिधीतील सुमारे ३२ कोटी येन विद्यार्थ्यांचे परतावे देण्यासाठी वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि २००९ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने त्यांना साडेतीन वर्षांची शिक्षा सुनावली, जी अपिलात दोन वर्षांवर आली. एप्रिल २०१० मध्ये जिओस ही दुसरी मोठी साखळीही दिवाळखोरीत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनमध्ये वॉल स्ट्रीट इंग्लिश या इंग्रजी वर्गांच्या साखळीच्या शाखा बंद पडल्या, तेव्हा आगाऊ फी भरलेले विद्यार्थी आणि पगार थकलेले शिक्षक हेच चित्र पुन्हा दिसले.

मला हा विषय इतका जवळचा का वाटतो याचे कारण मुंबईतलेच आहे. मी काही वर्षे पश्चिम उपनगरातील एका खासगी भाषासंस्थेत शिकवत असे. तिचे नाव इथे देण्याची गरज नाही. जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश अशा भाषांचे वर्ग चालत, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी जागा पुरत नसे. मग पगार दोन हप्त्यांत येऊ लागला, पुढे तीन हप्त्यांत. दरम्यान पूर्ण वर्षाची फी एकदम भरणाऱ्यांना मोठी सवलत देण्याची जाहिरात मात्र जोरात होती. एका सहकाऱ्याने भविष्य निर्वाह निधीचे पासबुक मोबाइलवर उघडून पाहिले तेव्हा कळले की पगारपत्रकात कपात दिसत असलेल्या कित्येक महिन्यांचा भरणा झालेलाच नाही. नोवाच्या शिक्षकांच्या भाड्याविषयी मी नंतर वाचले तेव्हा हे पासबुकच डोळ्यांपुढे आले. त्यानंतर लवकरच एका सकाळी दाराला कुलूप होते.

जिन्यावर पालक उभे होते, आणि मालक फोन उचलत नसल्यामुळे ते आम्हाला विचारत होते. हा भाग माझ्या मनातून जात नाही. शिक्षकाने फीचा एक रुपयाही हाती घेतलेला नसतो, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने संस्था म्हणजे शिक्षकाचाच चेहरा असतो, आणि शिक्षकालाही आत कुठेतरी वाटत राहते की या मुलाचे अर्धे पुस्तक शिकवायचे राहिले आहे. पगार न मिळालेला माणूस दुसऱ्याचे देणे आपल्या डोक्यावर घेऊन फिरतो. डिसेंबरची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, तोंडावर आली होती; त्या मुलांनी परीक्षेची फी वेगळी भरलेली होती आणि परीक्षा काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी त्यांच्या सोसायटीचे कार्यालय संध्याकाळी वापरण्याची परवानगी मिळवून दिली, आणि आम्ही परीक्षेच्या बॅच तिथे पुढे चालवल्या.

फी घ्यायची का, यावर आमच्यात मोठी चर्चा झाली. मला वाटत होते की ज्यांनी एकदा पैसे भरले आहेत त्यांच्याकडे पुन्हा मागणे योग्य नाही. माझी एक सहकारी घरात एकटी कमावणारी होती, लिव्ह अँड लायसन्सच्या घरात राहत होती, आणि ती शांतपणे म्हणाली, “ताई, मला फुकट शिकवणं परवडणारच नाही. शिकवण्याची किंमत शून्य आहे असं मी मुलांना दाखवायचं का?” तिचे म्हणणे मला त्या दिवशी टोचले, आणि ते मला आजही पूर्णपणे बरोबर वाटते. अखेर ज्यांना शक्य होते त्या पालकांनी निम्मी फी देऊ केली, ज्यांना शक्य नव्हते त्यांना कोणी विचारले नाही, आणि जमलेले पैसे ज्या शिक्षकांची घरे त्यावर चालत होती त्यांना आधी दिले. परीक्षा झाल्यावर आम्ही पांगलो. थकलेला पगार कोणालाही मिळाला नाही. निर्वाह निधीची तक्रार मात्र ज्यांनी पासबुकाच्या प्रतींसह वेळेवर केली त्यांच्या बाबतीत कार्यालयाने चौकशी सुरू केली, कारण कापलेली वर्गणी न भरणे हा आपल्याकडे गुन्हा आहे.

हे अनुभवल्यावर मी आपल्या कायद्याकडे अधिक बारकाईने पाहू लागले, आणि जे दिसले त्याने खिन्न झाले. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ खाली शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिला होता. शिक्षण देणे हे थोर कार्य आहे, ते अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम म्हणता येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. आदर मोठा होता, पण त्या आदरामुळे शिक्षक संरक्षणाच्या बाहेर उभा राहिला. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात शिक्षकांचा समावेश करण्यासाठीही २००९ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे. इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची थकबाकी त्यांच्यानंतर येते. शिवाय ही संहिता मुख्यतः कंपन्यांसाठी आहे, आणि मुंबईतील कित्येक क्लास एका व्यक्तीच्या मालकीचे किंवा भागीदारीतले असतात. थकलेल्या पगाराचा मोठा वाटा सरकारने आधी देऊन मग मालकाकडून वसूल करावा, अशी जपानसारखी योजना आपल्या खासगी शिक्षकांसाठी नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मधेच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत देण्यास सांगितले आहे. ते योग्यच आहे. परंतु आगाऊ फीच्या पैशांतूनच शिक्षकाचा पगार निघतो हे एकदा मान्य केले, तर त्या पैशांचा काही हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घालणे विद्यार्थी आणि शिक्षक दोघांच्याही हिताचे ठरेल, आणि नोवाच्या प्रकरणातून शिकायचे असेल तर इथूनच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे.

परदेशी जाणाऱ्या भारतीय शिक्षकाची आणखी एक अडचण आहे. आपल्या स्थलांतरविषयक कायद्याची मांडणी १९८३ ची आहे आणि तिचे लक्ष मुख्यतः कमी शिकलेल्या कामगारांवर आहे. ज्यांच्या पासपोर्टवर परवानगी आवश्यक असल्याचा शिक्का असतो त्यांचा करार सरकारी यंत्रणेच्या नजरेखालून जातो. पदवीधर शिक्षकाला त्या परवानगीची गरज नसते, त्यामुळे तो कोणत्या संस्थेत, कोणत्या अटींवर गेला याची नोंद सहसा कुठेच राहत नाही. संकट आल्यावर दूतावासाकडे जाता येते. अडचणीतील भारतीयांसाठी २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे, मदत पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. म्हणून पोहोचल्याबरोबर दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नाव-पत्ता नोंदवावा, असे मी प्रत्येकाला सांगते, आणि बहुतेक जण ते काम पुढे ढकलतात.

यंदा ज्या विद्यार्थिनीने पत्र आणले तिच्या आईने मला विचारले, “मॅडम, मग हिने जाऊच नये का?” जावे, जरूर जावे, असे मी त्यांना सांगितले. नोवा बुडाल्यावरही हजारो शिक्षक जपानमध्ये शिकवत राहिले आणि आजही शिकवत आहेत. पण घराचा करार कोणाच्या नावावर आहे हे आधी लेखी विचारावे. तो संस्थेच्या नावावरच राहणार असेल, तर भाडे भरल्याची पावती दर महिन्याला मिळेल का आणि संस्थेशी संबंध तुटल्यास घरात किती दिवस राहता येईल, तेही विचारावे. बेकारी विमा आणि आरोग्य-निवृत्तिवेतन विमा आपल्या नावे पहिल्या दिवसापासून भरला जाणार आहे का, हे तासांच्या संख्येशी ताडून पाहावे. विद्यार्थ्यांकडून किती महिन्यांची फी एकदम घेतली जाते हे संस्थेच्या संकेतस्थळावर दिसते. मोठ्या सवलतीसह दोन-तीन वर्षांची फी गोळा करणाऱ्या संस्थेबाबत अधिक सावध असावे. परतीच्या तिकिटाचे आणि दोन महिन्यांच्या भाड्याचे पैसे स्वतःच्या खात्यात वेगळे ठेवावेत व त्यांना हात लावू नये. पगारपत्रके, करार आणि बँकेची नोंद यांच्या प्रती इथे घरी पाठवून ठेवाव्यात. तिथल्या शिक्षकांच्या संघटनेचा पत्ता जाण्याआधीच वहीत असावा. आणि पगार पहिल्यांदा चार दिवस उशिरा झाला की त्याच आठवड्यात चौकशी सुरू करावी, दुसऱ्या उशिराची वाट पाहू नये.

तिने हे प्रश्न सभ्य जपानीत लिहून संस्थेला पाठवले. पत्राचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून तयार केला. विम्याविषयीचे उत्तर स्पष्ट आले आहे. घराचा करार संस्थेच्याच नावावर राहील, मात्र जामीन देणाऱ्या कंपनीमार्फत सहा महिन्यांनी तो तिच्या नावावर करून घेता येईल, असे त्यांनी कळवले आहे. फीच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि ते आल्याशिवाय स्वाक्षरी करायची नाही असे मायलेकींनी ठरवले आहे.